पिशवीतला आरसा

कुष्ठरोग तंत्रज्ञाच्या पिशवीत नोंदवही असते, बॉलपेन असतं, गोळ्यांची पाकिटं, कापूस आणि पट्ट्या असतात. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ३४ वर्षं अशी पिशवी आधी सायकलच्या आणि पुढे मोटारसायकलच्या हँडलला अडकवून फिरलेल्या एका गृहस्थांकडे त्यात आणखी एक वस्तू असायची. तळहाताएवढा गोल आरसा, हिरव्या प्लास्टिकच्या चौकटीचा. चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते, तिथून ते दरवर्षी असे डझनभर आरसे घेऊन यायचे आणि वर्षभरात वाटून टाकायचे. स्वतःचं नाव मात्र छापू नका म्हणतात. आपलं नाव आलं की गावं ओळखू येतात आणि गावं ओळखू आली की पेशंट, असं त्यांचं म्हणणं.

आरशाचं मूळ कारण वैद्यकीय होतं. कुष्ठरोगात चेहऱ्याची नस गेली की पापणी पुरती मिटत नाही. बुबुळाची जाणीवही जाते. मळणीच्या दिवसांत धानाचं तूस डोळ्यात गेलं तरी माणसाला कळत नाही. डोळा लाल होतो, चिघळतो आणि थोड्याच दिवसांत नजर जाते. म्हणून पेशंटनं रोज सकाळी आरशात डोळे पाहायचे आणि लाली दिसली की दवाखाना गाठायचा, हे त्यांना प्रशिक्षणातच शिकवलं होतं. तेच ते घरोघर सांगत राहिले. मग हळूहळू लक्षात आलं की ज्याला आरसा पाहायला सांगायचं, त्याच्या घरातून आरसा कधीच गेलेला असतो. कुठे कणगीमागे टाकलेला, कुठे पालथा करून ठेवलेला, कुठे रागाच्या भरात फोडलेला.

हे असं का होतं, याचं उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. नॉर्वेच्या हॅन्सेननं १८७३ साली शोधलेला हा जंतू शरीरातल्या थंड जागा पसंत करतो. कानाच्या पाळ्या, नाक, भुवया, हातापायांच्या वरवर असलेल्या नसा. म्हणजे चारचौघांत जे उघडं असतं, नेमकं तिथेच तो बसतो. भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ होत जातात. कानाच्या पाळ्या जाड होतात. जुनाट आजारात नाकाचा दांडा खचतो. काळीज किंवा मूत्रपिंड बिघडलेला माणूस लग्नात पंगतीला बसू शकतो. भुवया गेलेला माणूस घराबाहेर पडायला घाबरतो.

१९८८ साली हे गृहस्थ नोकरीला लागले तेव्हा २४ वर्षांचे होते. घर ब्रह्मपुरी तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन सहाच वर्षं झाली होती आणि त्या जिल्ह्यात जंगलाचा वाटा तीन चतुर्थांश. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली सुचवलेली तीन औषधांची उपचारपद्धती, जिला सगळे एमडीटीच म्हणतात, नुकती या खेड्यांपर्यंत पोहोचत होती. पहिल्या दोन वर्षांबद्दल ते मोकळेपणानं सांगतात. पेशंटच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. घरी आल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात घासायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेला भांग, खिशात कंगवा असा थाट असायचा. त्या नीटनेटकेपणात आपण वेगळे आहोत याचं समाधान होतं, हे त्यांना तेव्हा कळत होतं आणि तरी ते सोडवत नव्हतं.

सिंदेवाही तालुक्यातल्या एका घरी त्यांनी पहिला आरसा दिला. पस्तिशीची बाई, दोन मुलांची आई. उजवा डोळा मिटत नव्हता. आरसा हातात दिल्यावर तिनं तो पदराखाली धरला.

“पाहा ना आई, डोळा लाल आहे का?” त्यांनी विचारलं.

“तुमीच पाहा जी. मी नाही पायत.”

“मी रोज कुठून येणार?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, की पाच वर्षं झाली, विहिरीवर बादली वर आली की त्या पाण्यातही ती पाहत नाही. पाणी हलवून घेते.

ते त्या दिवशी आरसा तिच्याकडे ठेवून निघून आले. पंधरा दिवसांनी गेले, तर आरसा फळीवर, पालथा. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसाच. तिसऱ्या खेपेला त्यांनी युक्ती केली. आरसा दोन बोटांत असा झाकून धरला की तिला फक्त डोळ्याएवढी फट दिसावी. तोंड पाहू नको, डोळा पहा. तिनं पाहिलं. “लाल आहे,” म्हणाली. मग पापणी घट्ट मिटायचा व्यायाम, झोपताना डोळ्यावर कापडाची पट्टी. ती रोज फटीतून डोळा पाहू लागली आणि एका महिन्यात तिची बोटं आपोआप बाजूला सरकली. आधी गाल, मग कपाळ, मग सगळं तोंड. एकदा ते गेले तर तिनं कुंकू लावलेलं होतं, अगदी मधोमध. त्याआधी ती अंदाजानं लावायची आणि ते कायम एका बाजूला जायचं.

ही बाई पुन्हा शेवटी येईल.

मधल्या काळात त्यांच्या हातून एक चूक झाली आणि ती ते अजून विसरलेले नाहीत. एमडीटीच्या पाकिटात क्लोफॅझिमिन नावाची तांबूस गोळी असते. औषध गुणाचं, पण काही महिन्यांत कातडी तांबूस-काळी पडते, विशेषतः जिथे चट्टे आहेत तिथे. औषध थांबल्यावर रंग हळूहळू उतरतो, त्याला वर्षभर किंवा जास्तही लागतं. मूल तालुक्याच्या बाजूची एक मुलगी, एकोणीस वर्षांची, घरात सोयरिकीची बोलणी चाललेली. गोळ्या सुरू करताना त्यांनी रंगाबद्दल काहीच सांगितलं नाही. आधीच घाबरलेली आहे, आणखी कशाला घाबरवा, असा विचार केला. पाचव्या महिन्यात तोंड काळवंडलं तेव्हा मुलीला वाटलं की रोग वाढला. तिनं गोळ्या चुलीत टाकल्या आणि महिन्याच्या महिन्याला येऊन पाकीट घेत राहिली, कोणाला कळू नये म्हणून. हे उघड झालं तेव्हा तिच्या हाताची दोन बोटं आखडायला लागली होती.

ते तिच्यावर रागावले. जीव महत्त्वाचा की रंग, असं काहीतरी बोलले. मुलीनं खाली मान घातली. तिच्या आजीनं मात्र शांतपणे विचारलं, “तुमच्या पोरीचं असतं तर?”

त्यानंतर एकाही पेशंटला त्यांनी रंगाची गोष्ट आधी सांगितल्याशिवाय पहिलं पाकीट दिलं नाही. किती महिन्यांनी रंग चढेल, कुठे चढेल, कधी उतरेल. उन्हात डोक्यावर दुपट्टा घ्या, तेल लावा, कातडी कोरडी पडू देऊ नका. औषध पूर्ण केलेल्या एका तरुणाला त्यांनी तयार केलं होतं. नव्या पेशंटला तो आपला आधीचा आणि आताचा असे दोन फोटो दाखवायचा. त्या दोन फोटोंनी जेवढ्या गोळ्या पोटात गेल्या, तेवढ्या आपल्या भाषणांनी गेल्या नाहीत, असं ते म्हणतात.

त्या मुलीचा हात पुढे शस्त्रक्रियेनं बराचसा सुधारला. लग्न मात्र बऱ्याच उशिरा झालं.

या नोकरीत चंद्रपूर जिल्ह्यात असणं म्हणजे आनंदवनाच्या सावलीत असणं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळच्या माळरानावर सहा कुष्ठरोग्यांना घेऊन सुरू केलेली ती वसाहत. त्याआधीची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. पावसात गटाराकडेला पडलेला, बोटं झडलेला माणूस पाहून वकील असलेले बाबा आधी पळाले आणि मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परत फिरले. तंत्रज्ञांना ही गोष्ट प्रशिक्षणात ऐकवली होती. पण प्रत्यक्ष वरोऱ्याला एका पेशंटला सोडायला गेले तेव्हा त्यांचं लक्ष वेगळ्याच ठिकाणी गेलं. मागावर बसलेल्या एका बाईच्या हाताला बोटं जवळजवळ नव्हती आणि तिच्या केसांत अबोलीचा गजरा होता. तिथे विणलेल्या कापडाचे स्वच्छ कपडे घालून माणसं कामाला जात होती. हात कोणी पदरात लपवत नव्हतं. ते सोबत ज्याला घेऊन गेले होते, तो पेशंट संध्याकाळपर्यंत नुसता पाहत बसला. निघताना त्यानं तंत्रज्ञांकडे एकच गोष्ट मागितली. त्यांच्या खिशातला कंगवा. त्यांनी तो दिला, आणि नंतर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड मुठीचे कंगवे करायला शिकले, कारण आखडलेल्या बोटांत बारीक कंगवा धरता येत नाही. दाढीच्या ब्रशला तशीच मूठ, चमच्याला तशीच, पेल्याच्या कानालाही तशीच. बधिर हाताला गरम पेला भाजतो आणि कळत नाही, ट्यूबमुळे तेही टळतं.

भामरागडच्या बाजूला बदली झाली तेव्हा स्वतःच्या पोशाखाचा प्रश्न उभा राहिला. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला, आणि बाबांचे चिरंजीव प्रकाश आमटे यांनी तिथे शर्ट-पँट सोडून बंडी आणि अर्धी चड्डी एवढाच वेष धरला. अंगावर जेमतेम कापड असलेल्या माडिया माणसांना अंगभर कपड्यांतला परका माणूस म्हणजे फॉरेस्टचा, पोलिसांचा नाहीतर सावकाराचा वाटायचा. तंत्रज्ञांनी वेष पूर्ण बदलला नाही, तेवढी हिंमत झाली नाही असं ते सांगतात, पण इस्त्री सोडली, बूट सोडले, बाह्या दुमडल्या. गावात शिरल्यावर लोक घरात जायचे थांबले, याला तेवढंच कारण होतं की रोजच्या येण्याजाण्यानं ओळख झाली, हे त्यांना अजून नक्की ठरवता येत नाही.

तिथल्या माणसांच्या नटण्याबद्दल मात्र ते भरभरून बोलतात. केसांत खोचलेल्या फण्या, गळ्यात मण्यांच्या माळा, बाजाराच्या दिवशी तेल चोपडून चमकणारे केस. आणि गोंदण, जे मेल्यावरही सोबत येतं असं बाया मानतात. एका गोंड म्हातारीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण होतं आणि त्यावरून एक फिकट चट्टा गेलेला. बधिरता तपासताना पेशंटला डोळे मिटायला सांगायचं आणि बॉलपेनचं टोक टेकवत जायचं. जिथे कळलं तिथे तिनं बोट ठेवायचं. म्हातारी डोळे मिटून गोंदणाच्याच नावानं सांगत गेली. फुलांची ओळ कळते. विंचू कळतो. विंचवाच्या नांगीपुढे नाही कळत. नकाशा काढावा तसा त्यांनी तो हात वहीत उतरवून घेतला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ती आधीच म्हणाली, “नांगी कळाय लागली.” आपल्या गोंदणातला विंचू परत आला याचा तिला चट्टा बरा होण्यापेक्षा जास्त आनंद झाला होता आणि त्या आनंदावर तिनं उरलेल्या गोळ्या एकही न चुकवता घेतल्या.

आता न्हाव्याची गोष्ट. ही सांगताना ते खुर्चीत पुढे सरकून बसतात.

गावाचं नाव सांगत नाहीत. आठवड्याचा बाजार भरणारं मोठं गाव, बाजाराच्या कडेला टिनाच्या छपराचं सलून, दोन खुर्च्या. पेशंट चाळिशीचा, औषध पूर्ण झालेलं, कागदावर रोगमुक्त. पहिल्या काही मात्रांतच रोग पसरणं थांबतं, इथे तर सगळा कोर्स संपून वर्ष झालं होतं. तरी न्हावी त्याला खुर्चीवर बसू देत नव्हता. घरी बायको कात्रीनं दाढी कापायची. वेडीवाकडी, कुठे खुंट, कुठे लांब. “साहेब, रोग गेला हे तुमाले मालूम,” तो म्हणाला, “हे तोंड पाहून कोणाले मालूम पडते?” ग्रामसभेला तो जात नव्हता, सोसायटीत धान घालायला मुलाला पाठवायचा.

तंत्रज्ञ आधी न्हाव्याला समजवायला गेले. न्हावी वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ सांगितलं, “माहं गिऱ्हाईक तुटते जी. तुमी पगारी मानूस. मी पोट कुठून भरू?”

या वाक्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. गांधीजींना प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्यानं केस कापायला नकार दिला होता आणि त्यांनी मशीन विकत घेऊन आरशासमोर स्वतःच केस कापले, ही त्यांच्या आत्मकथेतली हकिगत तंत्रज्ञांना माहीत होती. गांधीजींनी राग धरला नाही, कारण त्या न्हाव्याचंही गिऱ्हाईक तुटलं असतं हे ते समजून होते. त्याच गांधीजींनी पुढे सेवाग्रामात कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग चोळलं. सेवाग्राम काही इथून लांब नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी, गर्दीच्या वेळी, ते पेशंटला घेऊन सलूनमध्ये गेले. बाकावर चारपाच माणसं होती. ते न्हाव्याला म्हणाले, आधी ह्यांची दाढी कर, मग माझी. त्याच वाटीतला साबण, तोच ब्रश. ब्लेड दोघांनाही नवं, आणि यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं, ते कोणासाठीही चांगलंच. न्हाव्यानं बाकावरच्या लोकांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. एक म्हातारा उठून निघून गेला.

न्हाव्यानं टॉवेल झटकला.

दाढी करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. न्हाव्याचे हात घाबरलेले होते आणि पेशंटनं डोळे गच्च मिटून घेतलेले. गालावर फेस आला तेव्हा त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. वस्तरा कानाजवळ आला, हनुवटीवर आला, मिशीच्या कडा सरळ झाल्या. मग तुरटी. तुरटी लागल्यावर त्यानं डोळे उघडले आणि समोरच्या मोठ्या आरशात पाहिलं. न्हाव्यानं सवयीनं विचारलं, “मिशी आणखी बारीक करू का?” सात वर्षांत त्याला असं कोणी विचारलं नव्हतं. त्यानं आरशात मान इकडे तिकडे वळवून नीट पाहिलं आणि म्हणाला, “असू दे. बरी आहे.”

नंतर तंत्रज्ञ त्या खुर्चीत बसले. त्या ब्रशचा ओला स्पर्श गालाला झाला तेव्हा आपल्या पोटातही एक क्षण काहीतरी हललं, हे ते लपवत नाहीत. तेरा वर्षं नोकरी झालेली होती आणि तरी हललं.

गिऱ्हाईक तुटलं का? एक-दोघं काही दिवस आले नाहीत, मग आले. गावात सलून एकच होतं.

चपलांची गोष्ट याच्याच पोटातली. बधिर पायाला काटा बोचला, खडा टोचला तरी कळत नाही. माणूस त्यावरच दिवसभर चिखलणी करतो आणि संध्याकाळी पायाला भोक पडलेलं असतं. म्हणून मऊ रबराच्या तळव्याची एमसीआर चप्पल मोफत मिळते. औषधाइतकीच गरजेची. पण जुन्या काळच्या त्या चपला एकाच घडणीच्या, एकाच रंगाच्या, जाडजूड आणि मागून पट्टा असलेल्या असायच्या. गावात कोणी ती घातली की सगळ्यांना कळायचं. लोक घेऊन जायचे आणि आढ्याला टांगून ठेवायचे. अनवाणी पाय फाटला तर फाटू दे, पण ती चप्पल नको. वरिष्ठांच्या बैठकीत याला पेशंटचं अज्ञान म्हटलं जायचं. तंत्रज्ञांना ते पटत नसे. मग त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका चांभाराला धरलं आणि बाजारातल्या साध्या सँडलमध्ये तोच मऊ तळवा बसवून घेतला. वरून काळी, साधी, कोणाच्याही पायात असते तशी. एका तरुण पेशंटनं ती घालून आधी दुकानात चार येरझाऱ्या घातल्या, मग रस्त्यावर, मग विचारलं की तपकिरी रंगात मिळेल का. अलीकडे सरकारी चपलांचेही नमुने बदलले आहेत, बाजारातल्यासारखे दिसतात. ते व्हायला फार वर्षं लागली.

वडसा म्हटलं की झाडीपट्टीची नाटकं. दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या धानपट्ट्यात रात्ररात्र नाटकं चालतात, कंपन्यांचा बाजार वडशाला. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा गावागावांत आपल्याच घरात मिळाल्यासारखं झालं होतं. तंत्रज्ञांचा एक पेशंट असाच हौशी नट. गावच्या नाटकात दरवर्षी नायकाचा भाऊ नाहीतर खलनायक. रोग लवकर सापडला, औषध झालं, हातपाय शाबूत. पण दोन्ही भुवया गेल्या. त्यानं नाटक सोडलं.

सगळ्यांनी त्याला सांगितलं की अरे, रंगमंचावर तर सगळ्यांच्याच भुवया रंगवलेल्या असतात. तंत्रज्ञांनीही हेच सांगितलं. मग त्यानंच एकदा समजावलं: नाटक एक रात्र असतं, तालीम महिनाभर असते. तालमीला रंग नसतो. कंदिलाच्या उजेडात दहा जण समोर बसून आपल्या तोंडाकडे पाहत असतात आणि वाक्य विसरलं की आणखीच पाहतात.

त्याला घेऊन ते वडशाच्या एका जुन्या रंगभूषाकाराकडे गेले. सफेदा आणि पिवडीच्या काळापासून हजारो तोंडं रंगवलेला माणूस. त्यानं काही विचारलं नाही. नटाला खिडकीशी बसवलं, अंगठ्यानं कपाळाचं हाड चाचपलं आणि काळी पेन्सिल न घेता तपकिरी घेतली. “काळी रात्रीची,” तो म्हणाला, “दिवसाला तपकिरी.” एक सलग रेघ ओढायची नाही. केस जसे उगवतात तशा बारीक रेघा, नाकाकडे उभ्या, बाहेर जाताना आडव्या. मग वरून पावडरचा हलका हात, म्हणजे घामानं उतरत नाही. एक भुवई त्यानं काढली आणि दुसरी नटाला काढायला लावली. पहिल्यांदा ती वर चढली, माणूस सतत चकित झाल्यासारखा दिसायला लागला. पुसली. दुसऱ्यांदा जाड झाली. चौथ्या खेपेला जमली.

त्या वर्षी तो तालमीला गेला. भुवया रंगवलेल्या आहेत हे दहाही जणांना माहीत होतं, तरी कोणी त्या विषयावर बोललं नाही.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव आला होता. हात सरळ झाले तरी चेहऱ्यावर रोगाची खूण असली की काम मिळत नसे. मग टाळूच्या केसाळ कातडीच्या भुवया बसवायला त्यांनी सुरुवात केली. त्या भुवया डोक्याच्या केसांसारख्या वाढत जातात, कात्रीनं कापाव्या लागतात. काही पेशंट अभिमानानं त्या कापतच नसत. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंतिया यांनी अशाच तळमळीनं कुष्ठरोग्यांची खचलेली नाकं आणि चेहरे पुन्हा घडवले. तंत्रज्ञांनी हे सगळं वाचलं ते पेन्सिलच्या प्रसंगानंतर. आपण काही भलतं केलं नाही, असा त्यांना धीर आला, कारण तोवर सहकाऱ्यांत त्यांना ‘ब्युटी पार्लरवाले’ म्हणत आणि ते त्यांना लागायचं.

लागायचं, कारण यात उपचाराचा भाग किती आहे हे त्यांना रोज दिसत होतं. पायाला दुखणं कळत नाही, म्हणून दुखण्याचं काम डोळ्यांनी करायचं असतं. रोज संध्याकाळी तळवे पाहायचे, वीस मिनिटं पाण्यात भिजवायचे, खरबरीत दगडानं कडक कातडी घासायची आणि ओल्या अंगावरच मोहाच्या टोळीचं नाहीतर खोबऱ्याचं तेल चोळायचं. हे सारं स्वतःकडे पाहण्यावर उभं आहे. जो माणूस स्वतःच्या तोंडाकडे पाहत नाही तो तळव्याकडे कशाला पाहील? नट भुवया काढू लागला आणि त्याच महिन्यापासून त्याच्या पाय भिजवण्याच्या घमेल्यात पाणी दिसू लागलं. दाढी झालेल्या माणसाच्या टाचेची जुनी जखम त्या पावसाळ्यात पहिल्यांदा भरली. याची आकडेवारी त्यांनी काढलेली नाही. त्यांच्या नोंदवहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

सगळीकडे हे जमलं असंही नाही. एका वसाहतीतल्या म्हाताऱ्यानं आरसा हातात घेऊन परत दिला आणि म्हणाला, की मला माझं जुनं तोंड पाठ आहे, ते राहू दे. तंत्रज्ञांनी पुन्हा त्याला कधी आग्रह केला नाही. एक तरुण बाई होती, तिचा हात सुधारला, चट्टे गेले, नवं लुगडं नेसून ती नवऱ्याच्या घरी गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. तेव्हा कुष्ठरोग हे कायद्यानंच घटस्फोटाचं कारण होतं. ते कलम २०१९ मध्ये निघालं, तोवर तिची पंधरा वर्षं गेलेली होती. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं ठरलं, दहा हजारी एकाहून कमी रुग्ण या हिशेबानं. या दोन जिल्ह्यांत मात्र नवे चट्टे सापडतच राहिले आणि ते शोधणारी माणसं कमी होत गेली. या विषयावर त्यांचा आवाज चढतो.

२०२२ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्या शिवरात्रीला नेहमीप्रमाणे मार्कंड्याला गेले तेव्हा सिंदेवाहीकडच्या त्या बाईचा निरोप आठवला. ती आता सत्तरीला टेकली आहे, उजवा डोळा शाबूत आहे. नातवाच्या लग्नाआधी तिनं कळवलं होतं, की तुमच्या आरशात नुसतं तोंडच दिसते, लुगडं नाही दिसत. त्यांनी लाकडी चौकटीचा हातभर उंचीचा आरसा घेतला, टॉवेलात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर धरून नेला. तिच्या घराची भिंत मातीची. पहिला खिळा ठोकला तर ढेकूळ खाली आलं. मग दाराशेजारच्या सागाच्या खांबावर ठोकला. ती खाली उभी राहून सांगत होती, थोडा वर, आणखी थोडा, सुनेलेबी दिसला पाहिजे.